संगणक बंद पडण्यापूर्वी : दुकान व कार्यालयासाठी काही उपयुक्त सूचना

एके काळी दुकानाचा सारा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही ही सारी रात्री कपाटात कुलूपबंद होत आणि किल्ली मालकाच्या खिशात जाई. आज ती वही संगणकात गेली आहे. बिले संगणकावर निघतात, मालाचा साठा संगणक सांगतो, जीएसटीची विवरणपत्रेही संगणकावरूनच भरली जातात. परंतु वहीची जशी काळजी घेतली जात होती तशी संगणकाची घेतली जाते काय? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, "संगणकवाला मुलगा येतो ना, तो पाहतो." हा मुलगा पासवर्ड कोठे ठेवतो, बॅकअप घेतो की नाही आणि उद्या तो आखातात नोकरीला गेला तर संगणक कोण उघडणार, हे मालकाला ठाऊक नसते.

संगणकाची देखरेख म्हणजे बिघडलेला संगणक दुरुस्त करणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. संगणक आज ना उद्या बिघडणारच. तो बिघडला तरी धंदा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू व्हावा अशी तयारी आधीच करून ठेवणे, ही खरी देखरेख होय. या तयारीला फार पैसा लागत नाही, नियमितपणा लागतो. त्यातील प्रमुख गोष्टी येथे सोप्या भाषेत देत आहोत.

डेस्कटॉप आणि सर्व्हर

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे टॅलीसारखे सॉफ्टवेअर यांच्या मध्ये एक प्रणाली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित नावे. कोणाला संगणक उघडता येईल, कोणती फाइल कोण वाचू शकेल, छपाई कोठे जाईल, हे सारे ही प्रणाली ठरवते. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर ती दुकानाचा व्यवस्थापक आहे.

ज्या संगणकासमोर बसून आपण काम करतो तो डेस्कटॉप. ज्या संगणकातील माहिती इतर संगणक तारेने वा वायफायने वापरतात तो सर्व्हर. सर्व्हर म्हटले की वातानुकूलित खोलीतले मोठे यंत्र डोळ्यांसमोर येते, पण चार संगणकांच्या घाऊक दुकानात टॅलीची माहिती ज्या एका संगणकावर आहे तोही सर्व्हरचेच काम करीत असतो. साध्या विंडोज ११ प्रो ला अशा कामासाठी एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्यांची परवानगी आहे. त्यामुळे लहान दुकानाचे काम त्यावर भागते. मोठ्या कार्यालयाला विंडोज सर्व्हर किंवा लिनक्स घ्यावे लागते.

या दोघांतला फरक ध्यानात ठेवावा. डेस्कटॉप बंद पडला तर एका माणसाचे काम थांबते. सर्व्हर बंद पडला तर साऱ्या दुकानाचे थांबते. म्हणून सर्व्हरच्या संगणकावर इंटरनेट पाहणे, ई-मेल उघडणे, पेन ड्राइव्ह लावून गाणी ऐकणे हे प्रकार पूर्णपणे बंद ठेवावेत.

न्हावाशेवाचा धडा

देखरेखीत कसूर झाली तर काय होते याचे एक मोठे उदाहरण आपल्या राज्यातही घडून गेले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तेथील व्यापारी हिशेबासाठी एम. ई. डॉक नावाचे सॉफ्टवेअर वापरीत आणि त्याच्याच अपडेटमध्ये हा प्रोग्रॅम घुसविण्यात आला होता. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेले न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलही सापडले. संगणक बंद पडल्यामुळे कोणता कंटेनर कोठे आहे हे कळेना आणि काम हाताने करण्याची वेळ आली.

मर्स्कला पुढे सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर सारे काही नव्याने बसवावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. हा प्रोग्रॅम पडद्यावर खंडणी मागत होता, पण खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

हा प्रोग्रॅम एवढा पसरला कसा, हे समजून घेणे उपयोगी आहे. त्याने दोन मार्ग वापरले. पहिला मार्ग विंडोजमधील एका उणिवेचा होता. तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे तीन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांचे संगणक उघडे होते. दुसरा मार्ग पासवर्डचा होता. एका संगणकाच्या स्मृतीतून व्यवस्थापकाचा पासवर्ड चोरायचा आणि त्याच पासवर्डने शेजारच्या संगणकात शिरायचे. त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही बळी पडले.

मर्स्कच्या साऱ्या जाळ्यात कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरविणारे जे मुख्य सर्व्हर होते, तेही जगभर पुसले गेले. त्यांतला एकच वाचला. तो आफ्रिकेतील घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका सर्व्हरमधील माहितीवरून पुढची उभारणी झाली. एवढी मोठी कंपनी वीज गेल्यामुळे वाचली. आपण असल्या योगायोगावर विसंबून राहू नये. जाळ्यापासून तुटलेली एक प्रत आपल्याकडे नेहमीच असली पाहिजे.

या एका घटनेतून देखरेखीची तीन कामे स्पष्ट होतात. वेळेवर दुरुस्ती, अधिकारांची वाटणी आणि वेगळी ठेवलेली प्रत. आता ती एकेक पाहू. त्याआधी मात्र आपल्याकडे काय आहे याची नोंद हवी.

आधी एक वही करा

साधी शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक संगणकाला एक पान द्यावे. त्यावर खरेदीची तारीख, हमीची मुदत, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, बसविलेली सॉफ्टवेअरे, परवान्याचे क्रमांक आणि तो संगणक कोण वापरतो हे लिहावे. विंडोजची आवृत्ती पाहण्यासाठी विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आर ही कळ एकदम दाबावी. उघडलेल्या चौकटीत विनव्हर हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबावे. आवृत्ती समोर येते.

आवृत्ती का पाहायची? कारण प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. मुदत संपल्यावर कंपनी तिच्यातील उणिवांची दुरुस्ती नेहमीप्रमाणे देत नाही. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि त्यानंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या वाढीव मुदतीची वेगळी नोंदणी केल्याशिवाय मिळत नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ ची मुदत १० ऑक्टोबर २०२३ रोजी, तर अनेक कार्यालयांत असलेल्या सेंटओएस ७ या लिनक्सची ३० जून २०२४ रोजी संपली. मुदत संपलेला संगणक चालतो, बिलेही काढतो, त्यामुळे मालकाला धोका दिसत नाही. पण त्याच्या दाराची कडी तुटली तर ती कोणी बसवून देणार नाही.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रात ते नसेल तर यंत्र भंगारात टाकण्याची घाई करू नये. पत्रव्यवहार, इंटरनेट किंवा फाइली साठविण्याच्या कामासाठी त्यावर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्स विनामूल्य बसविता येते. टॅली मात्र विंडोजसाठी बनविलेले आहे, हे ध्यानात ठेवूनच निर्णय घ्यावा.

परवाना चुकवून फुकट चालविण्यासाठी जे क्रॅक वाटले जातात त्यांपासून दूर राहावे. हा दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न तर आहेच, शिवाय अनोळखी माणसाने बनविलेला प्रोग्रॅम आपण स्वतःच्या हाताने, पूर्ण अधिकार देऊन संगणकात चालवितो. चोराला किल्ली देण्यासारखाच हा प्रकार आहे.

गल्ल्याची किल्ली कोणाकडे?

कोणताही शहाणा दुकानदार गल्ल्याची किल्ली प्रत्येक नोकराला देत नाही. संगणकात मात्र हेच घडते. विंडोज नव्याने बसविताना जे पहिले खाते उघडले जाते त्याला व्यवस्थापकाचे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे सर्व अधिकार असतात. पुढे सारेजण त्याच खात्यावर काम करीत राहतात. अशा खात्यावर असताना चुकून एखादी घातक फाइल उघडली, तर तिलाही तेच अधिकार मिळण्याचा मार्ग सोपा होतो.

यावरील उपाय फुकट आहे. व्यवस्थापकाचे एक वेगळे खाते उघडावे आणि रोजच्या कामाचे खाते साधे, म्हणजे स्टँडर्ड करावे. मग एखादा प्रोग्रॅम संगणकात बदल करू लागला की विंडोज व्यवस्थापकाचा पासवर्ड मागते. काही मागितलेले नसताना असा प्रश्न पडद्यावर आला, तर तो धोक्याचा इशारा समजावा. लिनक्समध्येही हाच नियम आहे. तेथे सर्वाधिकारी खात्याला रूट म्हणतात. रोज रूटने काम करू नये, आपल्या खात्यावरून सुडो या आज्ञेने गरजेपुरता अधिकार घ्यावा.

प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे खाते द्यावे, म्हणजे कोणी काय केले याची नोंद राहते आणि निरपराध माणसावर संशय येत नाही. कर्मचारी काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे. ते लगेच पुसू नये, त्यात दुकानाची पत्रे व फाइली असू शकतात. साऱ्या संगणकांवर व्यवस्थापकाचा एकच पासवर्ड ठेवू नये. न्हावाशेवाच्या उदाहरणात पासवर्डने काय केले ते आपण पाहिलेच. हे पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून मालकाने तिजोरीत ठेवावे.

त्या पाकिटात आणखी एक कागद हवा. अनेक नव्या संगणकांत डिस्क कूटबद्ध करण्याची सोय आपोआप सुरू झालेली असते. तिची ४८ आकडी परत मिळविण्याची किल्ली असते. मोठा बिघाड झाला की विंडोज ही किल्ली विचारते आणि ती नसेल तर माहिती डिस्कवर असूनही हाती लागत नाही. ही किल्ली आजच छापून ठेवावी.

दुरून संगणक चालविण्याची सोय ज्यांनी घेतली आहे त्यांनी विशेष सावध राहावे. घरून दुकानाचा संगणक पाहता यावा म्हणून काही जण विंडोजचे रिमोट डेस्कटॉप राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडे करतात. खंडणीखोर असे उघडे दरवाजे रात्रंदिवस शोधत असतात. हा दरवाजा बंद करून व्हीपीएन वापरावे. तंत्रज्ञाने दुरून दुरुस्ती केली, तर काम संपताच जोडणी बंद झाल्याची खात्री स्वतः करावी. "आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, तुमच्या संगणकात व्हायरस आहे," असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्यावा. कंपनी असे फोन करीत नाही.

अपडेट : टाळू नये, उतावीळही होऊ नये

संगणक सकाळी गिऱ्हाईक उभे असताना अपडेट मागतो, म्हणून वैतागून अनेक जण ती सोय कायमची बंद करून टाकतात. हे महागात पडते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीच्या प्रोग्रॅमने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांसह जगभरातील संगणक बंद पाडले. त्यानेही मार्चमध्येच दुरुस्त झालेल्या त्याच उणिवेचा फायदा घेतला होता. दोन महिने हाताशी असलेला उपाय लोकांनी वापरला नव्हता.

याची दुसरी बाजूही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे विंडोजवर चालणारे संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशा संगणकांची संख्या ८५ लाख होती. आपल्या देशातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. म्हणजे अपडेट हवे, पण ते शिस्तीने हवे.

शिस्त अशी ठेवता येईल. मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे त्या रात्री येतात. हा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो. दरमहा विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११, तर जीएसटीआर-३बी ची २० असते. ऐन धावपळीत संगणक अडू नये म्हणून विंडोजमधील अपडेट थोडे दिवस पुढे ढकलण्याची सोय वापरावी. शुक्रवार असो वा रविवार, दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस या कामासाठी ठरवावा. आधी बॅकअप घ्यावा, मग एका कमी महत्त्वाच्या संगणकावर अपडेट करावे. दोन-तीन दिवस बिले, छपाई, टॅली नीट चालले की बाकीचे संगणक घ्यावेत. सर्व्हर शेवटी घ्यावा.

उबुंटू सर्व्हरवर एलटीएस आवृत्तीच घ्यावी, तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची दुरुस्ती सर्वसाधारणपणे सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते. "आमचा सर्व्हर वर्षभर बंद केलेला नाही," असे काही जण अभिमानाने सांगतात. त्याचा अर्थ वर्षभराच्या दुरुस्त्या कदाचित कागदावरच राहिल्या आहेत. महिन्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी सर्व्हर मुद्दाम बंद करून सुरू करावा. त्यावरील सेवा आपोआप सुरू होतात काय ते पाहावे. हे सुट्टीत कळलेले बरे, गिऱ्हाइकांच्या गर्दीत नको.

सर्व्हरची छोटी कामे

डिस्क भरली की सर्व्हर विचित्र वागू लागतो. अपडेट अडते, छपाई थांबते, नोंदी अर्ध्यावर राहतात. डिस्कचा निदान पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा. लिनक्समध्ये डीएफ ही आज्ञा किती जागा उरली ते सांगते आणि डीयू ही आज्ञा कोणी किती जागा व्यापली ते सांगते. बऱ्याचदा जागा खाणाऱ्या फाइली नोंदींच्या, म्हणजे लॉगच्या असतात. विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स ही सोय निरुपयोगी तात्पुरत्या फाइली साफ करते.

यूपीएस असूनही सर्व्हर बिघडतात, याचे एक साधे कारण आहे. बॅटरी संपेपर्यंत वीज आली नाही तर संगणक शेवटी धाडकन बंद पडतोच. बहुतेक बऱ्या यूपीएसला एक यूएसबी तार असते. ती सर्व्हरला जोडून ठेवली, तर बॅटरी उतरू लागताच सर्व्हर स्वतःहून शिस्तीत बंद होतो. ही तार अनेक ठिकाणी खोक्यातच पडून असते.

जीएसटीचे किंवा बँकेचे संकेतस्थळ अचानक उघडेनासे झाले आणि पडद्यावर प्रमाणपत्राची तक्रार आली, तर आधी संगणकाची तारीख पाहावी. जुन्या संगणकातील गोल बटण सेल संपला की घड्याळ मागे जाते आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र संगणकाला अवैध वाटते. सीआर २०३२ नावाचा हा सेल थोडक्या पैशात मिळतो. त्यासाठी विंडोज नव्याने बसविण्याची गरज नसते.

आठवड्यातून एकदा नोंदींवर नजर टाकावी. विंडोजमध्ये त्यासाठी इव्हेंट व्ह्यूअर आहे, लिनक्समध्ये जर्नलसीटीएल ही आज्ञा आहे. लाल खुणा पाहून घाबरू नये, निरोगी संगणकातही त्या असतात. डिस्कविषयीची चूक पुन्हा पुन्हा दिसत असेल किंवा मध्यरात्री चुकीच्या पासवर्डचे शेकडो प्रयत्न झालेले असतील, तर मात्र त्याच दिवशी तंत्रज्ञाला बोलवावे.

बॅकअप : घेतला म्हणजे झाले नाही

आता सर्वांत महत्त्वाचे काम. बॅकअपचा जुना, सोपा नियम असा : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. दुसरी जागा कशाला, हे कोकणातील व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पुराच्या पाण्याखाली गेली. अशा वेळी संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातला बॅकअप दोन्ही एकदमच पाण्यात जातात.

तीन गैरसमज येथे दूर करायला हवेत. पहिला, सर्व्हरमध्ये दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या, म्हणजे रेड केले, की बॅकअप झाला. तसे नाही. एक डिस्क जळाली तर दुसरी उपयोगी पडते हे खरे, पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. दुसरा, गुगल ड्राइव्हसारख्या सेवेशी फोल्डर जोडले की बॅकअप झाला. खंडणीच्या प्रोग्रॅमने फाइली बिघडविल्या तर बिघडलेल्या फाइलीच वर जातात. अशा सेवेत जुन्या आवृत्ती काही काळ मिळतात, पण केवळ त्यावर विसंबू नये. तिसरा, बाहेरची डिस्क कायम संगणकाला लावून ठेवली की काम आपोआप होते. लावलेल्या डिस्कपर्यंत घातक प्रोग्रॅमही आपोआप पोहोचतो.

लहान दुकानासाठी ही पद्धत पुरेशी आहे. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात व त्यांवर "अ" आणि "ब" अशा चिठ्ठ्या लावाव्यात. रोज संध्याकाळी सर्वांनी टॅली बंद केल्यावर त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरमध्ये बॅकअप घ्यावा आणि डिस्क काढून ठेवावी. या आठवड्यात "अ" वापरावी, "ब" घरी असावी. पुढच्या आठवड्यात अदलाबदल करावी. डिस्कमध्ये गिऱ्हाइकांची सारी माहिती असते, ती त्यांची अमानत आहे. म्हणून डिस्कला पासवर्ड घालावा.

बॅकअप घेण्याइतकेच तो परत उघडतो काय हे तपासणे आवश्यक आहे. गिटलॅब ही कंपनी जगभरातील प्रोग्रॅमरांचे काम साठविते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली गेली. सुमारे ३०० जीबी माहितीपैकी साडेचार जीबी उरली तेव्हा ती थांबविता आली. बॅकअपच्या अनेक पद्धती असूनही ऐन वेळी नेहमीच्या पद्धती उपयोगी पडल्या नाहीत. रोजचा बॅकअप आवृत्तीतील फरकामुळे मुळी होतच नव्हता आणि तो होत नसल्याची सूचना देणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, म्हणून बरेचसे वाचले. कंपनीने ही सारी हकीकत स्वतःच जाहीर केली, ही तिच्या प्रामाणिकपणाची गोष्ट आहे.

म्हणून महिन्यातून एकदा बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकावर लावावी आणि माहिती परत उतरवावी. एखाद्या उधारीच्या गिऱ्हाइकाचे खाते उघडून त्याची शिल्लक छापील उताऱ्याशी ताडून पाहावी. रक्कम जुळली तर बॅकअप खरा. या तपासणीला किती वेळ लागला तेही वहीत लिहावे. संकट आले तर दुकान किती तासांत उभे राहील, याचे उत्तर तोच आकडा देतो.

वर्षअखेरचा बॅकअप वेगळा काढून ठेवावा. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अपील वा चौकशी चालू असेल तर त्याहून अधिक काळ जपावी लागतात. संगणक जळाला, हे उत्तर अधिकाऱ्यापुढे पुरे पडेल अशी आशा धरू नये.

संकट आलेच तर

पडद्यावर खंडणीची मागणी दिसली किंवा फाइलींची नावे आपोआप बदलू लागली, तर प्रथम जाळ्याची तार काढावी आणि वायफाय बंद करावे, म्हणजे शेजारचे संगणक वाचतील. बॅकअपची डिस्क घाईने त्या संगणकाला मुळीच लावू नये. पडद्याचा फोटो काढावा, वेळ लिहून ठेवावी. लगेच सारे पुसून नवे बसविण्याची घाई करू नये, तपासाला त्याची गरज लागते. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी, कारण येथे मिनिटांना किंमत असते. नोंदणीकृत कंपन्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशाप्रमाणे अशा घटनांची खबर सहा तासांत द्यावी लागते.

भिंतीवर लावण्याजोगे वेळापत्रक

रोज : बॅकअप घेणे, डिस्क काढून ठेवणे.

दर आठवड्याला : डिस्कची अदलाबदल, मोकळी जागा पाहणे, नोंदींवर नजर टाकणे.

दर महिन्याला : ठरलेल्या सुट्टीच्या दिवशी अपडेट, सर्व्हर बंद करून सुरू करणे, बॅकअप परत उतरवून एक खाते ताडून पाहणे.

दर सहा महिन्यांनी : सोडून गेलेल्यांची खाती बंद आहेत काय ते पाहणे, यूपीएसची बॅटरी तपासणे, यंत्रातील धूळ साफ करणे.

दर वर्षी : वहीतील मुदती तपासणे, वर्षअखेरचा बॅकअप वेगळा ठेवणे, पाकिटातील पासवर्ड नवे करणे.

यांतील निम्म्याहून अधिक कामे मालकाला किंवा दुकानात बसणाऱ्या मुलामुलींना स्वतः करता येतील. उरलेली तंत्रज्ञाने करावीत, पण ती झाली याची सही वहीत घ्यावी. आपल्या तरुणांसाठीही यात संधी आहे. अनेक जण संगणक दुरुस्तीचे काम करतात आणि बिघाड झाला तरच पैसे मिळवितात. हेच वेळापत्रक घेऊन दहा-पंधरा दुकानांचे वार्षिक देखरेखीचे काम त्यांनी घेतले, तर त्यांना दरमहा नियमित उत्पन्न मिळेल आणि दुकानदारालाही निश्चिंत राहता येईल.

सुरुवात मात्र या आठवड्यातच करावी. शंभर पानी वही आणावी, आपल्या संगणकवाल्या मुलाला बोलवावे आणि त्याला एवढेच सांगावे : "काल रात्रीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दाखव." तो उघडला तर त्याचे आभार मानावेत. नाही उघडला, तरी दुकान सुरू असताना ते कळले यात समाधान मानावे आणि त्याच दिवशी कामाला लागावे.